अठ्ठावीस पाय

मेहुण्याने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, ही वस्तुतः आनंदाची बातमी होती, परंतु दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आला असताना दुसऱ्या चकलीनंतर तो म्हणाला, "दाजी, हॉलमध्ये सात घोड्यांचं चित्र लावायला सांगितलंय. विकतचं कशाला आणू, तुम्ही आहात ना?" बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी गोदाघाटाच्या पायऱ्या, नारोशंकराचे मंदिर आणि ताटलीतील द्राक्षे एवढेच विषय तैलरंगात हाताळले होते, आणि या तिन्हींचा मोठा गुण असा की ती जागची हलत नाहीत. पण सौ. माहेरच्या माणसासमोर माझ्याकडे कौतुकाने पाहत होती, असा योग वारंवार येत नाही, म्हणून मी होकार दिला. सात घोडे म्हणजे अठ्ठावीस पाय, हा गुणाकार आयुष्यभर आकडेमोड करूनही मला त्या क्षणी सुचला नाही.

पहिले रेखाटन मी आठवणीतून केले. सौ.ने ते पाहून विचारले, "अहो, आत कोण आहे?" प्रश्न रास्त होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोन मुले चादरीखाली वाकून जो घोडा करतात, नेमका तोच कागदावर उतरला होता. चूक गुडघ्यांत होती. घोड्याच्या मागच्या पायाला जो उलटा वळलेला गुडघा दिसतो, तो गुडघा नव्हेच, ती आपली टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. आणि खाली जो खूर टेकतो, ते त्या पायाच्या एकमेव बोटाचे नख. म्हणजे चारशे किलोंचे ते जनावर आयुष्यभर चार नखांवर उभे असते, ही गोष्ट एकदा कळली की घोड्याविषयीचा आदर वाढतो आणि हातातील कोळशाची कांडी कापू लागते.

मग मी पंचवटीत एका घोडीवाल्याकडे जाऊ लागलो. त्याची पांढरी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, मारवाडी वळणाची, कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकलेली. लग्नसराई असल्याने रात्री नवरदेव वाहून आलेली घोडी सकाळी उभ्याउभ्याच डुलक्या घेत असे, म्हणजे चित्रकाराला आयतीच सोय, असे मला वाटले. परंतु घोडा उभ्याने झोपतो तेव्हा तीन पायांवर भार देऊन मागचा एक पाय सैल सोडतो, त्याच्या खुराचे केवळ टोक जमिनीला लागलेले असते, आणि काही वेळाने तो हा पाय बदलतो. मी सैल डावा पाय काढत आणला की घोडी एक सुस्कारा टाकून उजवा सैल करी. दोन तासांनी माझ्या कागदावर जी घोडी होती तिचे मागचे दोन्ही पाय सैल होते, म्हणजे ती खरे तर केव्हाच पडायला हवी होती. घोडीवाला खरारा करता करता डोकावून म्हणाला, "काका, तोंड बरं आलंय." खालच्या भागाविषयी तो काही बोलला नाही.

जॉर्ज स्टब्ज नावाच्या इंग्रज चित्रकाराने एका खेड्यात सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे टांगून त्यांचा एकेक थर सोलत रेखाटने केली आणि 1766 मध्ये घोड्याच्या शरीररचनेचे पुस्तक काढले. आमच्या सोसायटीत मटणाच्या वासावरूनही पत्र येते, त्यामुळे तो मार्ग मला बंद होता.

त्यात हे घोडे धावणारे हवेत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने 1821 मध्ये रंगवलेल्या शर्यतीत घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फाकून, पोटावर उडत असल्यासारखे धावतात, आणि मलाही ते तसेच सोपे वाटत होते. पण 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून दाखवले की चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. हे छायाचित्र पाहावे तर घोडा एखादी हरवलेली वस्तू पोटाखाली शोधतो आहे असे वाटते. खरे काढावे तर खोटे दिसते आणि खोटे काढावे तर मनाला टोचते. मुलाने सुचवले की वाट्टेल तसे काढून हुसेन यांची शैली म्हणून सांगावे. त्याला हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली की हुसेन यांच्या चार फटकाऱ्यांमागे घोडा होता, माझ्या चार फटकाऱ्यांमागे चादर आहे.

उलगडा झाला तो मेन रोडवर. एका फ्रेमवाल्याच्या दुकानात सात घोड्यांची पाच-सहा चित्रे टांगलेली होती, आणि मी चष्मा पुसून पाहिले तर त्यांतील एकही घोडा कोरड्या, स्वच्छ जमिनीवरून धावत नव्हता. कोणी समुद्राच्या फेसातून, कोणी ढगांतून, बाकीचे धुळीतून. गुडघ्याखाली सगळा आनंद. या अनामिक चित्रकारांविषयी मला एकाएकी बंधुभाव दाटून आला, आणि माझेही सहा घोडे मी त्याच दिवशी धुळीत घातले. पुढचा एक मात्र, शिल्लक राहिलेल्या अभिमानापोटी, चारही पायांनिशी उघडा ठेवला.

साडेतीन बाय अडीच फुटांच्या कॅनव्हासवर चौकटी आखून रेखाटन उतरवले, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने छाया भरल्या आणि मग वरच्या थरांना जवसाचे तेल वाढवीत नेले. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडला तर पुढे चित्राला भेगा पडतात. सौ.ला मात्र हे शास्त्र पटले नाही. "जवसाची चटणी कर म्हटलं की पित्त होतं म्हणता, आणि घोड्यांना बाटलीभर पाजताय," असे ती म्हणाली. पांढरा घोडा पांढऱ्या रंगाने रंगवता येत नाही हेही याच काळात कळले. सावलीत तो निळसर, पोटाखाली मातीच्या उजेडाने पिवळसर, आणि नाकपुड्यांपाशी खालची काळी कातडी दिसल्याने राखाडी होतो. ट्यूबमधील शुद्ध पांढरा लागतो तो पाठीवरच्या उन्हापुरता. डोळ्यांत मी सवयीने पांढरे बुबुळाभोवती भरले, तर सातही घोडे कोणाला तरी घाबरून पळत आहेत असे दिसू लागले. ते पुसायला दोन दिवस गेले.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि टायटॅनियम व्हाइट त्यातही सावकाश. त्या साली नाशिकला थंडी कडाक्याची. सौ.ने पापडांप्रमाणे चित्र गच्चीवर ठेवले, तेव्हा शेजारच्या बांधकामाची खरी धूळ माझ्या रंगवलेल्या धुळीवर येऊन बसली. दोन्हींतील फरक मलाही सांगता येईना, म्हणून ती तशीच राहू दिली. चौथ्या घोड्याच्या आयाळीत एक डास कायमचा आहे. याच सुमारास मेहुण्याचा फोन आला की घोडे घरात येताना दिसले पाहिजेत, दाराकडे पळता कामा नयेत. त्याने ठरवलेल्या भिंतीवर माझे घोडे थेट लिफ्टकडे निघाले होते. घोडे वळवण्यापेक्षा टीव्ही समोरच्या भिंतीवर नेणे स्वस्त पडेल, असे मी कळवले.

वास्तुशांतीला आठ दिवस असताना घोडीवाला कबूल केल्याप्रमाणे चित्र पाहायला घरी आला. चहा निवेपर्यंत तो हात मागे बांधून उभा होता. मग पुढच्या घोडीजवळ वाकला आणि हळू आवाजात, घरातल्या आजाऱ्याविषयी बोलावे तसे म्हणाला, "काका, ही मागच्या उजव्यानं लंगडते."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं काय दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेन रोडला जाऊन यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाची मोठी ट्यूब घेऊन आलो.