‘पाणी संपलं’ म्हणणं अडाणीपणाचं नाही

एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्याचं म्हणणं असं: ‘पाणी संपलं’ हे बोलणंच अशास्त्रीय आहे. पृथ्वीवरचं पाणी आहे तेवढंच राहतं, जलचक्र ते परत देतं आणि वापरलेलं पाणीही शेवटी नदीलाच मिळतं. शाळेतलं जलचक्र आठवून माणसं माना डोलावतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आहे तेवढंच राहतं, ही बेरीज बरोबर. पण ‘संपणे’ म्हणजे जगातून नाहीसं होणे, असा अर्थ मराठीत कोण घेतं? संपतो तो हाताशी असलेला साठा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यात पेट्रोलचा एकही अणू नष्ट होत नाही, तरी टाकीतलं पेट्रोल संपलेलंच असतं. शिवाय पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी खारं आहे आणि गोड्यातलं दोन तृतीयांश बर्फात अडकलेलं आहे.

जलचक्र परत देतं, पण कधी आणि कुठे? हवेतली वाफ साधारण आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन उतरते. खोल भूजल मात्र साठायला हजारो वर्षं लागलेली असू शकतात. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं काय झालं ते पाहा; नाव समुद्र असलं तरी ते सरोवर. १९६० च्या सुमारास ते जगातलं चौथं मोठं सरोवर होतं. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या प्रामुख्याने कापसाच्या शेतीसाठी वळवल्या गेल्या. ते पाणी वाफ होऊन दुसरीकडे कुठे बरसलंही असेल, पण सरोवराकाठच्या मुयनाक बंदरातल्या मासेमारी बोटी कोरड्या वाळूत रुतल्या. तिथल्या कोळ्यांना पृथ्वीची एकूण बेरीज सांगून त्यांच्या जाळ्यात काय पडणार होतं?

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. वापरणं वेगळं, संपवणं वेगळं. आंघोळीचं पाणी शुद्ध केलं तर पुन्हा कामाला येतं, म्हणजे ते फक्त वापरलं गेलं. पिकाने मुळांतून ओढून पानांवाटे हवेत सोडलेलं पाणी मात्र त्या खोऱ्यापुरतं संपलं. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं आणि त्यातला मोठा वाटा असाच हवेत जातो. मजकुरात याचा उल्लेखही नाही. पाणी संपतच नाही म्हटल्यावर उपशाला मर्यादा कशाला, असं लोक खरंच विचारू लागलेत, म्हणून तो मजकूर मला निरुपद्रवी वाटत नाही.