एईएस सगळ्या जगाकडे आहे हो!

डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी फाइल सिस्टिम एका कर्नलवरून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका गाभ्यावरून, दुसऱ्यावर पोर्ट करणं परवडलं, पण ती अमेरिकेतून परदेशी ग्राहकाला पाठवणं नको! फाइलींची माहिती ठेवणाऱ्या इनोडपासून बदलांची नोंद ठेवणाऱ्या जर्नलपर्यंत सगळं जुळवलं, चाचण्या पास झाल्या, की कोणीतरी विचारतंच, 'यात एन्क्रिप्शन आहे का?' आहे ना, एईएस! जगभर वापरली जाणारी एन्क्रिप्शनची प्रमाण पद्धत. डिस्क चोरीला गेली तर डेटा वाचता येऊ नये म्हणून. झालं, बसला '५डी००२'चा, म्हणजे अमेरिकेच्या निर्यात नियमांतल्या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या गटाचा शिक्का. मग वर्गीकरण, बंदी घातलेल्यांच्या याद्या, शेवटी वापरणार कोण याची लेखी हमी. तेच एईएस खुल्या सोर्स कोडमध्ये असलं, तर २०२१ पासून सरकारला साधी ईमेलही पाठवावी लागत नाही. आमचा कोड बंद, म्हणून आम्ही संशयित. आणि हे एईएस रचलं कोणी? दोन बेल्जियन माणसांनी! एन्क्रिप्शनला हात न लावता नुसता बग दुरुस्त केला, तरी आमचा कम्प्लायन्स विभाग फॉर्म घेऊन हजर.