साहेबांना जरा उठावदार पाहिजे

कोटेशन, पीपीटी किंवा महिन्याचा रिपोर्ट करायला बसलात की आधी मजकूर बघायचा नाही. आधी त्या कलंडलेल्या बादलीवर क्लिक करायचं आणि रंग भरायचे. आकडे कुठे पळून जातात?

निळा दरवेळी नवीन घ्या. हेडिंगचा एक, टेबलाचा दुसरा, ग्राफचा तिसरा. 'मोअर कलर्स'मध्ये एवढे षटकोन उगाच दिलेत का?

लोगोचा नेमका रंग हवा असेल तर ज्याने लोगो केला त्याच्याकडे कोड मागू नका. तो स्क्रीनचा आरजीबी की छपाईचा सीएमवायके विचारून डोकं खाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घ्या आणि रंग उचलणारा आयड्रॉपर टेकवा. कडेला टेकवलात तर एक निळा येईल, मध्ये टेकवलात तर दुसरा. जेपीजी दाबली गेली की रंग हलतात म्हणे, हलू देत. पुढे ब्रोशर छापून आलं की स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी कागदावर मलूल दिसेल. तेव्हा प्रेसवाल्याला झापा, तो बिचारा त्यासाठीच बसलाय.

पांढऱ्यावर पिवळी अक्षरं? बिनधास्त. वाचता येण्यासाठी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा, असं वेबसाठीचे नियम सांगतात. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावर १.०७ भरतो. पेमेंटच्या अटी लिहायला याहून चांगली जागा नाही.

दुसऱ्याची स्लाइड चिकटवताना नेहमी 'कीप सोर्स फॉरमॅटिंग', म्हणजे त्याचे रंग तसेच्या तसे येतील.

आणि थीम कलर्सच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. २००७ पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये ही सोय पडून आहे. एक्सेलमध्ये पेज लेआउट, वर्डमध्ये डिझाइन, तिथे 'कलर्स' आणि सगळ्यात खाली 'कस्टमाइज कलर्स'. पॉवरपॉइंटवाल्यांनी ती व्हेरिअंट्सच्या बाणाखाली दडवून ठेवलीय. एकूण बारा खाने. चार अक्षरांचे आणि पार्श्वभूमीचे, सहा अ‍ॅक्सेंट म्हणजे उठावाचे, दोन लिंकचे. एकदा भरायचे, नाव द्यायचं, सेव्ह करायचं. मग एक खाना बदलला की फाइलभर त्यातून घेतलेला रंग आपोआप बदलतो. म्हणजे काम लवकर संपणार आणि आपण रिकामे दिसणार. नकोच ते.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे ग्राहकाचा रिव्ह्यू होता. क्वालिटी, परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन, सगळ्यांनी आपापल्या स्लाइड पाठवल्या. परचेसचा जांभळा, स्टोअरचा पोपटी, आणि क्वालिटीने तर प्रत्येक रकान्याला वेगळा रंग दिलेला. सगळे 'स्टँडर्ड कलर्स'मधून हाताने भरलेले, म्हणजे थीम बदलली तरी एकही जागचा हलत नाही. संध्याकाळी सहाला साहेब खुर्चीमागे येऊन उभे. "जरा त्यांच्या लोगोला मॅच करू या का? दोन मिनिटांचं तर काम आहे." अहो, होतंच दोन मिनिटांचं! रंग थीममधून घेतले असते तर दोनसुद्धा लागली नसती. त्याऐवजी मी एकेक सेल, एकेक बाण, ग्राफचा एकेक खांब रंगवत बसलो. अंबडहून घरी पोचलो तेव्हा सोसायटीचं गेट बंद झालेलं.

सकाळी प्रिंट काढल्या. ऑफिसात प्रिंटर एकच, ब्लॅक अँड व्हाइट. 'उशीर' लाल आणि 'पूर्ण' हिरवा, दोन्ही सारखेच करडे आले. सेलमध्ये शब्द नाहीच, नुसता रंग. ग्राहकाच्या माणसाने कागद उजेडात धरून विचारलं, "यातलं झालंय कुठलं?" कोणी बोलेना. रंगीत प्रिंट असती तरी लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक असतात, पुरुषांत तर बरेच. पण आमच्या क्वालिटीवाल्यांना हे कोण सांगणार!

अरे, रंगपंचमीला आपल्या नाशिकच्या रहाडीत, त्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांत, उड्या मारता ना दरवर्षी? तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, शनी चौकातली गुलाबी. पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत त्या, प्रत्येकीचा रंग ठरलेला, आणि कोणी मधेच येऊन "जरा उठावदार करा" म्हणत नाही. आणि तुमच्याच्याने एका कंपनीचे सहा अ‍ॅक्सेंट ठरत नाहीत?

मीटिंगमध्ये 'ब्रँडिंग, ब्रँडिंग' करत टेबल बडवायचं आणि लेटरहेड एका निळ्यात, कोटेशन दुसऱ्या निळ्यात पाठवायचं, याची लाज वाटत नाही? अर्धा तास काढा. ज्याने लोगो केला त्याच्याकडून सहा अक्षरी कोड घ्या, बारा खाने भरा, 'सेव्ह करंट थीम' करा आणि ती फाइल सगळ्या खात्यांना पाठवा. पुन्हा कोणी स्टँडर्डमधला लाल भरला तर त्याची स्लाइड त्यालाच परत करा, माझ्याकडे ढकलू नका. आणि उशीर झाला असेल तर सेलमध्ये 'उशीर' असं अक्षरात लिहा. लिहिता येतं ना?