आत्याच्या ओव्या आणि चटणीची घाई

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे वाचल्यापासून मला उगाचच वाटायला लागलं होतं की पाच-पन्नास तरी आपल्याही खात्यावर असाव्यात. ओतूरजवळच्या वाडीत माझी आत्या राहते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि पडवीत जातं अजून जागेवर. लॅपटॉप आणि माइक घेऊन जायचं, भरून घ्यायचं आणि जेवून परत यायचं, असा साधा बेत होता.

पण ओव्या सतरंजीवर बसून म्हणत नाहीत. "हात फिरल्याबिगर गळा कसा फिरंल?" आत्या म्हणाली. मग जातं पुसलं, खुंटा ठोकला, ज्वारी पाखडली. सुरुवात केली तर माइकमध्ये नुसती घरघर, ओवीचा पत्ता नाही. जात्याखाली घोंगडी सरकवली. घरघर कमी झाली तर घंटागाडी आली, स्वच्छतेचं गाणं वाजवत. ती गेली आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. हंगामातला उसाचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो की स्पीकरवर, हे एकदा कुणीतरी तपासायला हवं. शेवटी पहाटे बसायचं ठरलं. कोंबड्याचं काही करता येत नाही, पण तो निदान एकटा असतो.

पहाटे आत्या लागली ती लागलीच. माहेराच्या, भावाच्या, विठोबाच्या, आणि मग आवाज जरा खाली आणून सासूवरच्या. स्क्रीनवर लाटा उमटत होत्या. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप, मिनिटाला दहा एमबी, असा हिशोब मी मनात घोळवत होतो. चाळीसेक मिनिटं झाली असतील. सासू एका ओवीत अशी सापडली होती की सुटणं कठीण. आणि स्क्रीन काळी.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच देवाघरी गेली आहे. चार्जर आहे तोवर प्राण. आणि चार्जरचा पिन स्वयंपाकघरातल्या बोर्डात होता, जिथे आता मिक्सरचा पिन होता.

"अहो भावजी, मला वाटलं मोबाईल लावलाय," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, चटणी होईस्तोवर काढला तर काय मरतो का तो?"

मेला होता. पण पुरता नाही. हे सॉफ्टवेअर चालू रेकॉर्डिंग गुपचूप तात्पुरत्या फाइलमध्ये लिहीत असतं. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी पुढच्या वेळी उघडल्यावर ते विचारतं, मागचं परत आणू का टाकून देऊ? म्हणजे चटणीतून ओव्या वाचल्या होत्या. मी चहाला आत गेलो, तेवढ्यात दादाच्या धाकट्याने पिन लावून सगळं चालूसुद्धा केलं.

"काका, एक खिडकी आली होती. मी टाकून दे केलं. असल्या खिडक्यांत व्हायरस असतो."

दहावीला आहे. कॉम्प्युटरमध्ये घरात त्याचाच शब्द शेवटचा.

पुण्यात एका जाणकाराने पुसलेल्या फाइली उकरणारा प्रोग्रॅम लावला. रात्रभर चालून त्यातून आवाजाचा एक चतकोर निघाला. पण नुसता आवाज, बरोबर कसली चिठ्ठी नाही. माप सेकंदाला किती वेळा घेतलं होतं, एक चॅनल की दोन, सगळं आपणच सांगायचं. त्याने आधी २२,०५० सांगून पाहिलं, तर निम्म्या चालीत कुणीतरी पैलवान दळण दळत होता. आकडा दुप्पट केल्यावर पैलवानाची आत्या झाली आणि स्वच्छ, सुरेख आवाजात म्हणाली, "थांब रं, पदर अडाकला." मग घरघर. मग काही नाही. चाळीस मिनिटांतून विज्ञानाने एवढं वाचवलं.

संक्रांतीला पुन्हा गेलो. बॅटरी नवी, सोबत पेन ड्राइव्ह, आणि दादाच्या धाकट्याला क्रिकेटला पैसे देऊन पिटाळलेलं. आत्याला म्हटलं, त्याच ओव्या म्हण. ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्याच कशा? त्या तवाच्या व्हत्या." सासूची ती ओवी तर तिला आठवेचना. खुंटा धरला, मूठभर ज्वारी घातली आणि सुरू झाली:

दळीते मी दळन, पीठ भरीते सुपात
गानं माझं गेलं बाई, भाच्याच्या खोक्याच्या पोटात

मी सेव्ह केलं. घोट घेऊन तिने दुसरी लावली, या खेपेला मान स्वयंपाकघराकडे वळवून:

सून माझी गुनाची, हिला चटनीची घाई
इजंचं दावं सोडलं, गाय दूध देत न्हाई

आत खलबत्ता थांबला. मिक्सर त्या दिवशी कुणी लावलाच नव्हता. ती ओवी मी लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि मोबाईलवरही ठेवली. निघताना वहिनींनी तिळगुळाचा डबा हातात दिला आणि हळूच विचारलं, "भावजी, ती तेवढी एक उडवता येईल का हो?"