रिकामी तारीख एक्सेल सोडून देत नाही

सध्या एक सल्ला फार फिरतो आहे: "तारखेच्या कॉलममध्ये काही सेल रिकामे राहिले तरी चिंता नको, एक्सेल ते आपोआप सोडून देतं. फार तर फॉर्म्युल्याला इफएरर (एरर आली तर तिच्या जागी दुसरं उत्तर दाखवणारं फंक्शन) लावा. तरीही गडबड झाली तर रिकाम्या जागी १ जानेवारी १९०० टाका." तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्यातून निघणारं उत्तर दिसायला अगदी बरोबर असतं, म्हणून मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

उदाहरण वाचनालयाच्या देवघेवीचं घेऊ. तीन कॉलम: पुस्तक दिल्याची तारीख, परतीची मुदत, परत आल्याची तारीख. पुस्तक अजून सभासदाकडेच असेल तर तिसरा सेल रिकामा. फॉर्म्युला सरळ आहे: परत आल्याची तारीख मुदतीच्या आत असेल तर "वेळेत", नाहीतर "उशिरा".

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९०० म्हणजे १, १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५,६५८. रिकाम्या सेलची आकड्याशी तुलना केली की त्याची किंमत ० धरली जाते, आणि ० कुठल्याही मुदतीपेक्षा लहानच. म्हणजे दोन वर्षं परत न आलेल्या पुस्तकापुढे "वेळेत" असं उमटतं. जी पुस्तकं शोधण्यासाठी यादी काढली, नेमकी तीच यादीतून निसटतात.

मग "आपोआप सोडून देतं" हा समज आला कुठून? अटीत बसणारे सेल मोजणारं काउंटइफ आणि सरासरी काढणारं ॲव्हरेज खरंच रिकामे सेल वगळतात, तिथून. पण तो त्या फंक्शनांचा स्वभाव आहे, तुलनेच्या चिन्हाचा नव्हे. "आजच्या आधीच्या तारखा मोज" हीच अट एकदा काउंटइफने आणि एकदा समप्रॉडक्टने (त्यात प्रत्येक सेलची तुलना चिन्हाने करून बेरीज घेता येते) लावून पाहा. कॉलममध्ये रिकामे सेल असतील तर दोन वेगळ्या बेरजा येतील.

त्यातही दिसायला रिकामा सेल रिकामा असेलच असं नाही. परतीची तारीख दुसऱ्या शीटवरून फॉर्म्युल्याने आणली आणि "नसेल तर काही दाखवू नको" म्हणून दोन अवतरणचिन्हं दिली, तर सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर बसतो. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. आता तेच न आलेलं पुस्तक "उशिरा" ठरतं! सेल रिकामा आहे का ते सांगणाऱ्या इझब्लँकला विचारलं तर ते म्हणतं, सेल रिकामा नाही, कारण आत फॉर्म्युला आहे. चुकून पडलेली स्पेस किंवा मजकूर म्हणून साठलेली "१५/०७/२०२४" यांचीही हीच गत. म्हणून "सेल रिकामा आहे का" यापेक्षा "सेलमध्ये खरोखर तारीख आहे का" हे विचारावं: इझनंबरने आकडा आहे का ते पाहायचं आणि तो ० पेक्षा मोठा आहे का हेही पाहायचं. दुसरी अट सोडू नका. दुसऱ्या तक्त्यातून नोंद शोधून आणणाऱ्या एक्सलुकअपने रिकामा सेल उचलून आणला की ० हातात येतो, आणि तोही आकडाच.

इफएररचं फार बोलायला नको. ते एरर आली तरच जागं होतं, आणि इथे एरर येतच नाही. दंडासाठी परत आल्याच्या तारखेतून मुदत वजा केली आणि उणे उत्तराला शून्य धरलं, तर न आलेल्या पुस्तकाचा दंड शून्य निघतो. इफएरर गप्प. जिथे मजकुरातून वजाबाकी होऊन एरर येते, तिथे मात्र ते बिघाड झाकून टाकतं.

१ जानेवारी १९०० भरण्याचा उपाय तर दुखणं वाढवतो. तुलनेचं उत्तर "वेळेत" हेच राहतं, शिवाय आतापर्यंत रिकामे सेल वगळणारं काउंटइफही ते मोजू लागतं. महिनावार तक्ता केला तर जानेवारी फुगतो. (न भरताही तो फुगतोच: रिकाम्या सेलचा महिना एक्सेल १ सांगतं. गूगल शीट्स १२ सांगतं, कारण तिथलं शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९.) मुदत नसलेल्या करारांसाठी ३१ डिसेंबर ९९९९ टाकायची पद्धत काही डेटाबेसमध्ये आहे. ती ठरवून, सगळ्यांना सांगून पाळली जाते, म्हणून मला मान्य आहे. गडबड लपवायला टाकलेली तारीख त्यात बसत नाही.

"मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती मागायची भाषा) वापरा" असंही कोणी सुचवतं. तिथे रिकाम्या तारखेची तुलना खरीही नाही, खोटीही नाही, अज्ञात ठरते. "वेळेत आलेली" मागा किंवा अटीला नॉट लावून "वेळेत न आलेली" मागा, न आलेलं पुस्तक दोन्हीकडे नसतं.

माझ्या मते निकाल दोन नव्हेत, चार हवेत. मुदतच नोंदलेली नसेल तर "मुदत नाही". मुदत आहे पण परतीची तारीख नाही, तर "बाहेर". मग उरलेल्यांत "वेळेत" आणि "उशिरा". हे इफच्या आत इफ घालून, याच क्रमाने लिहा. सगळ्या अटी खऱ्या आहेत का ते पाहणाऱ्या अँडमध्ये त्या एकत्र कोंबू नका. एक्सेलचं अँड पहिली अट खोटी ठरली तरी पुढच्या अटी तपासतंच, आणि त्यातल्या एकीत मजकुरातून वजाबाकी असेल तर अख्ख्या फॉर्म्युल्याची एरर होते. शेवटी चारही गटांची बेरीज एकूण नोंदींशी जुळते का, ते पाहा.