त्रेसष्ट, बहात्तर, पंच्याऐंशी

आमच्या गिरगावातल्या इमारतीत गेल्या रविवारपासून असा पक्का समज आहे की माझा संगणक तळमजल्यावरच्या काकांनी दुरुस्त केला आणि मी त्यांच्या हाताखाली होते. संगणक मुळात बिघडलेलाच नव्हता, मला त्यात फक्त नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बसवायचा होता, हे मी तिघांना सांगून पाहिले. चौथ्याला सांगण्याचे त्राण उरले नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, बी-४५० चिपसेटचा, २०१८ सालचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला प्रोसेसर रायझन ५००० मालिकेतला, म्हणजे बोर्डाहून दोन वर्षांनी धाकटा. बोर्डावरच्या फर्मवेअरला, म्हणजे संगणक चालू करताच सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामला, ज्याला सगळे बायोस म्हणतात, या धाकट्याची ओळखच नव्हती. तेव्हा जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करायचे आणि मग नवा बसवायचा, असा क्रम होता. हे फर्मवेअर ज्या चिपमध्ये राहते तिची जागा अनेक बोर्डांवर अवघी १६ मेगाबाइट असते, त्यामुळे नव्या प्रोसेसरांची सोय करताना काही बोर्डांच्या बायोसमधून जुन्यांची नावे चक्क वगळली गेली. दहा बाय बाराच्या खोलीत नवी सून आली की म्हाताऱ्यांची गादी गॅलरीत जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

तयारी मी कसून केली होती. बोर्डावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला रिव्हिजन क्रमांक टॉर्च लावून वाचला, कारण मॉडेल तेच असले तरी रिव्हिजन निराळी असेल तर फाइलही निराळी असू शकते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, झिप उघडून फाइल त्यात ठेवली, जुन्या सेटिंगांचे मोबाइलवर फोटो काढले. राहता राहिली वीज. चिपवरचे जुने पुसून नवे लिहिले जात असताना वीज गेली, तर ना जुने उरते ना नवे, आणि बोर्डाची महागडी फरशी होते. मुंबईत वीज जात नाही हा आपला जुना तोरा; पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास लोकलसकट शहर ठप्प झाले, तेव्हापासून मी तो मिरवत नाही. माझ्या यूपीएसची बॅटरी फुगून बाद झाली होती. त्यातच गणपतीच्या रोषणाईसाठी वायरमन येणार होता, आणि फ्यूज काढण्यापूर्वी कोणाला विचारण्याची त्याची रीत नाही. म्हणून जिन्याखालच्या मीटरबोर्डापाशी पाच मिनिटे उभे राहण्याची विनंती मी काकांना केली. ही माझी पहिली चूक.

काका बँकेत रोखपाल होते आणि गेली पंचवीस वर्षे आमच्या गणेशोत्सवात हाऊजीचे आकडे तेच पुकारतात. “एवढंच ना? पण असल्या कामाला भावाला बोलवायचंस गं,” असे म्हणून ते उभे राहिले. माझा भाऊ डोंबिवलीला दातांचा डॉक्टर आहे.

पडद्यावरची पट्टी चाळीस टक्क्यांवर आली तेव्हा दारातून आवाज आला, “किती झालं?”

“काका, तुम्ही वर कसे?”

“वायरमनला चहाला पिटाळलाय. तुला तो चेर्नोबिल व्हायरस ठाऊक आहे का? २६ एप्रिल १९९९. त्यानं हेच खाल्लं होतं, बायोस. आमच्या शाखेतली दोन मशिनं त्या दिवशी बसली ती बसलीच.”

तो व्हायरस खरा होता आणि तारीखही बिनचूक होती. शस्त्रक्रिया चालू असताना टेबलाशेजारी उभे राहून दगावलेल्या रुग्णांची उजळणी करण्यात काही वावगे आहे, असे मात्र काकांना वाटत नव्हते. खाली मीटरबोर्ड बेवारस, वर काका, आणि मी पट्टीवर डोळे रोवून बसलेली. पट्टी शंभरावर पोहोचली, संगणक आपणहून बंद होऊन चालू झाला, मी श्वास सोडला, आणि पडद्यावर विंडोजचा कुलूपवाला, बिटलॉकर, उभा राहिला.

ही दुसरी चूक, आणि ती निखळ माझी. डिस्क मीच बिटलॉकरने कुलूपबंद केली होती, आणि बायोसला हात लावण्यापूर्वी हे कुलूप तात्पुरते स्थगित करायचे असते, हे साफ विसरले होते. फर्मवेअर बदलले की यंत्र तेच आहे याची त्याला खात्री पटत नाही आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मी कागदावर उतरवून कपाटात ठेवली होती. कागद बाहेर काढला, तो काकांनी घेतला.

“तू टाइप कर, मी वाचतो,” ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा बदलला.

सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. (आकडे इथे बदलून लिहिले आहेत, तेवढी अक्कल आता आली आहे.) काकांनी घसा खाकरला आणि मंडपातल्या सुरात पुकारा केला, “त्रेसष्ट! बहात्तर! पंच्याऐंशी!”

मराठीत एकक आधी आणि दशक मागाहून येते. कान ‘त्रे’ ऐकतात, बोट तीनवर पडते, आणि सहा येईपर्यंत काका बहात्तरावर गेलेले असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ असे वाचन आले तेव्हा मी त्याच्या विरोधात तावातावाने बोलले होते. ते शब्द मी मागे घेते.

“काका, एकेक अंक सांगा ना. सहा, तीन, असं.”

“एकेक अंक बालवाडीत सांगतात. मी छत्तीस वर्षं कॅश मोजली आहे.”

टाइप करण्याच्या नादात मी तो छत्तीसही दाबला.

पुढच्या गटात ते अडखळले. “पंचवीस! आणि… त्र्याण्णव! अगं, हा आपल्याकडे नसतो!” हाऊजीचे आकडे नव्वदला संपतात, इतक्या वर्षांत काकांना नव्वदीपलीकडे पाऊल टाकायला मिळालेले नव्हते, म्हणून त्यांनी तो आनंदाने दोनदा पुकारला. मग एकोणसत्तर आणि पाठोपाठ एकोणसाठ आले. “सत्तर की साठ?” मी विचारले. “एकोण!” काका ठासून म्हणाले.

पडद्याने की नाकारली. या कीचा प्रत्येक गट ११ ने भागला जाईल असाच बनवलेला असतो, त्यामुळे शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले तर ती चूक कधीच खपत नाही. ज्याने ही रचना केली त्याने बहुधा कधीतरी मराठी रोखपालासमोर बसून आकडे उतरवून घेतले असावेत. दुसऱ्यांदाही की नाकारली गेली. कागद मागितला तर “तुझं लक्ष कीबोर्डवर राहू दे” असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला आम्ही सातव्या गटात होतो, तेव्हा वायरमन चहाहून परतला आणि त्याने फ्यूज काढला.

बायोस लिहून झाले होते, त्यामुळे बोर्डाला काही झाले नाही. काका मात्र ओरडत खाली धावले, आणि कागद खुर्चीवर राहिला. वीज आल्यावर मी तो समोर ठेवून मिनिटभरात की टाकली. काका परतले तेव्हा विंडोज सुरू झाले होते.

“झालं ना? मी म्हटलंच होतं, नीट वाचलं की होतं,” ते म्हणाले, आणि खाली जाऊन त्यांनी हेच सगळ्यांना सांगितले.

त्या रात्री बिटलॉकर आठवणीने स्थगित करून मी एकटीने जुना प्रोसेसर काढला, नव्याच्या १३३१ पिनांपैकी एकही न वाकवता तो बसवला, थर्मल पेस्ट लावली आणि पंखा घट्ट केला. ते पाहायला कोणी नव्हते. ज्यांचे रेल्वेचे आरक्षण, पेन्शनचे दाखले आणि नातवंडांचे प्रवेश अर्ज मी वर्षानुवर्षे बसून भरून दिले, त्यांनी तरी ‘नक्की कोणी केलं गं?’ असे एकदा विचारायला हरकत नव्हती.

आज सकाळी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी लॅपटॉप घेऊन दारात उभ्या होत्या.

“काका संध्याकाळी येतो म्हणाले,” त्या म्हणाल्या. “तोवर तू पेनड्राइव्ह वगैरे तयार ठेव, म्हणजे त्यांचा वेळ जायला नको.”