नव्या कापडाला ठिगळ

आमच्या शाळेत मॅडम हा प्रकार नव्हता. बाई म्हणजे बाई. गणिताच्या बाई, संस्कृतच्या बाई, पीटीच्या बाई. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, मग त्या उंचीने पाचवीतल्या मुलीएवढ्या का असेनात. पुण्यातली, पेठेतली, फक्त मुलींची शाळा. दोन वेण्या सक्तीच्या, त्याही वर दुमडून, कानामागे लाल रिबिनीची फुलं. एकच वेणी घालून गेलं की फाटकावरच्या मावशी तिथेच बसवून दोन घालून देत, आणि त्या इतक्या आवळत की पहिला तास संपेपर्यंत भुवया खाली येत नसत. भूगोलाच्या बाईंना वाटे, ही मुलगी मोसमी वाऱ्यांनी भलतीच थक्क झालेली दिसते.

कुणाला बीजगणिताची भीती होती, कुणाला संस्कृतची. मला नव्हती. ‘देवः देवौ देवाः’ एकदा चालीत बसलं की झोपेतही म्हणता येतं. आमच्यातल्या काहीजणी झोपेतच म्हणत. मला भीती होती गुरुवारची. गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर जोडून दोन तास शिवण.

धावदोरा, हेम, उलटी टीप इथवर मी कशीबशी आले होते. माझा धावदोरा खरोखरच धावायचा, कुठे ते त्याचं त्याला माहीत. साखळी टाक्यात साखळी कमी आणि गाठी जास्त. खाकी कागदावर झबल्याचं कापण काढताना ‘छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच’ हे गणित मात्र अचूक यायचं, म्हणून बाईंना माझ्याबद्दल थोडी आशा होती. ती आठवीत संपली. 1989 साल. धडा होता ठिगळाचा.

ठिगळ शिकायचं तर आधी फाटलेलं कापड हवं. माझी समजूत, घरातलं एखादं जुनेर आणायचं. छे! नवंकोरं, वीतभर मांजरपाट आणायचं, त्याला मधोमध कात्रीने चौकोनी भोक पाडायचं आणि मग ते बुजवायचं. “बाई, भोक पाडलंच नाही तर?” मी विचारलं. उत्तर म्हणून मला पहिल्या बाकावर बसवलं.

दोन तास मी मान मोडून शिवलं. ठिगळाच्या कडा आत दुमडायच्या, कोपरे काटकोनात बसवायचे, टाका उलट्या बाजूला दिसता कामा नये. तोंडाने दोरा ओला करून सुईत ओवायचा, तो आत जायचाच नाही. बोटात सुई मात्र न ओवता जायची. शेवटी जमलं. बाईंना दाखवायला ऐटीत उभी राहिले, तर मांजरपाटाबरोबर माझा पिनोफरही वर आला. बाईंनी चष्मा सरसावून पाहिलं, ओढून पाहिलं. “पक्कं बसलंय हो,” म्हणाल्या. “आता उसव.”

घरी येऊन मी इतिहासाचा आधार घेतला. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाईंनी अंगावर शेणमातीचे गोळे झेलले, ते काय मी ठिगळं लावावीत म्हणून? आई भाजी निवडत होती. म्हणाली, “त्यांना लुगड्याला दांड घालता येत असणार. तुला बटण येतं का लावता?” (पुढे कॉलेजात वाचनात आलं, की मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी-गणितापेक्षा शिवणकाम शिकवा, असं टिळकांच्या ‘मराठा’ने लिहिलं होतं. आजोबांनी पुजलेल्या तसबिरीकडे मी त्या दिवशी जरा रागानेच पाहिलं. शिवणकाम सोपं, असं ज्यांनी-ज्यांनी गृहीत धरलं त्यांच्यापैकी एकानेही कधी काजं केलेलं नसणार.)

तरी आई ती आईच. रात्री जेवणं उरकल्यावर तिने नवा मांजरपाट घेतला, मला झोपायला पाठवलं आणि सकाळी दप्तरात एक देखणं ठिगळ ठेवलं. इतकं देखणं, की कापड फाटलंच नव्हतं असं वाटावं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी ते हातात घेतलं. उलटं केलं. उजेडात धरलं. निवृत्तीला आलेल्या आमच्या बाई आईलाही शिकवायला होत्या, हे मला ठाऊक होतं; पण इतक्या वर्षांत हजारभर मुली हातांखालून गेल्यावर कोण कुणाचा टाका लक्षात ठेवतं?

“ही गाठ तुझ्या आईची,” बाई म्हणाल्या. “63 सालीसुद्धा ती शेवटची गाठ अशीच डावीकडे मारायची. तेव्हाही सांगितलं होतं, उजवीकडे मार म्हणून.” मग लाल पेन काढून वहीत लिहिलं: मुलगी शून्य, आई दहापैकी सात.

संध्याकाळी मी वही आईपुढे धरली आणि बोलणी खायला तयार झाले. आईने ती वाचली. पुन्हा वाचली.

“सात?” ती म्हणाली. “सातच?”

त्या रात्री माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना आई लक्ष्मी रोडवरून अर्धा मीटर मांजरपाट घेऊन आली. मी म्हटलं, “अगं, पण पुढचा धडा काजांचा आहे.”

“हे तुझ्यासाठी नाहीये,” आई म्हणाली आणि कात्री शोधायला लागली.